पाच वाजताचा मिक्सर

गेल्या वर्षी कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क काढून मी नवी, वेगवान एसएसडी डिस्क बसवली. दुकानात न नेता स्वतःच बसवली, जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवलं आणि आठवडाभर जो भेटेल त्याला ते सांगत सुटलो. घरांचे नकाशे काढून देणं हा माझा धंदा; शाहूपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत तो चालतो. पूर्वी मोठा नकाशा उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आता कप उचलायच्या आत नकाशा समोर. स्वारी एकदम खुशीत होती.

पण त्याच आठवड्यात कॉम्प्युटर कोसळायला लागला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पडदा अचानक निळा व्हायचा, इंग्रजीत चार ओळी यायच्या आणि सगळं पहिल्यापासून सुरू. तिसऱ्या दिवशी पडदा निळा झाला तेव्हा डोक्यावर, वरच्या मजल्यावर, मिक्सर घरघरत होता. मला गुन्हेगार सापडला.

वर आक्का राहतात. एकट्याच, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. जैन असल्यामुळे दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण होतं. तोंडात दात नाहीत आणि कवळी त्यांना कधी मानवली नाही, म्हणून रोज पाचला भाकरी आणि आमटी मिक्सरमधून काढून खायच्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी गेलो वर.

“आक्का, तुमचा मिक्सर लागला की खाली व्होल्टेज पडतंय. माझं काम जातंय सगळं.”

“व्हय? मग न्हाय लावत की,” त्या लगेच म्हणाल्या. “तुझं पोटापाण्याचं काम हाय बाबा.”

मग तुम्ही खाणार कसं, एवढंही मी विचारलं नाही. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. बायको म्हणाली, “अहो, मध्ये यूपीएसची बॅटरी आहे ना? आणि आज तर मिक्सरचा आवाजही आला नाही.” तुला त्यातलं काय कळतंय, म्हणून मी तिलाच गप्प केलं. त्यानंतरही झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. जिन्यात उभा राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडलो, “आक्का, एवढं सांगूनबी लावतासाच व्हय?”

आक्का कठड्यापाशी आल्या. माझ्याकडे बघितलं, काही न बोलता आत गेल्या. त्या गप्प राहिल्या म्हणजे कबूलच झाल्या, असं मी धरून चाललो.

पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला घाई होती. रोज पाचला काम संपवताना मी सगळ्या नकाशांची दुसरी प्रत काढून ठेवतो, ती त्या दिवशी सकाळी अकरालाच काढायला घेतली. अर्ध्यात पडदा निळा. आक्का तेव्हा दर्शनाला गेलेल्या. जाताना त्यांना मी खिडकीतून पाहिलं होतं. वर मिक्सर लावायला कुणीच नव्हतं.

कॉम्प्युटर आपल्या प्रत्येक कोसळण्याची नोंद ठेवत असतो. पहिल्याच दिवशी वाचायची ती नोंद मी पंधरवड्यानं उघडली. प्रत्येक वेळी एकच तक्रार: डिस्क उत्तर देत नाही. डिस्कशी बोलणी करणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, ड्रायव्हर, तो जुन्या डिस्कच्या काळातला होता आणि मी बाकीच्या सामानाबरोबर तोही नवीवर उतरवला होता. बारीकसारीक काम तो निभावून न्यायचा. मोठी प्रत काढायला घेतली की मान टाकायचा. आणि मोठी प्रत मी काढायचो पाचला. चोर सोडून संन्याशाला फाशी! लाईट गेली तर पडदा काळा होतो, निळा होत नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. नवा ड्रायव्हर घालायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही पडलेला नाही.

त्याच दिवशी पाचला वर गेलो. दार उघडंच होतं. आक्का स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात भाकरी कुटत होत्या. खलबत्त्याखाली गोधडीची जाड घडी ठेवली होती, आवाज खाली जाऊ नये म्हणून.

“आक्का, चूक माझी होती. मिक्सरचा काही संबंध नव्हता.”

“असू दे.”

“तुम्ही त्या दिवसापासून लावलाच नव्हता?”

“न्हाय.”

“मग मी ओरडलो तेव्हा बोलला का नाही?”

“तू लई तापलेलास. काय बोलायचं?”

ओट्यावरचा मिक्सर पुढे ओढला, खलबत्त्यातली भाकरी भांड्यात घातली, वर आमटी ओतली आणि बटण फिरवलं. घरघर सुरू झाली तशा आक्का दचकून उठल्या. मी त्यांच्या शेजारी उभा असताना त्यांनी फरशीकडे पाहिलं, खाली माझी खोली आहे तिकडे. मग हात लांब करून घाईघाईनं बटण बंद केलं.

“पुरं पुरं,” त्या म्हणाल्या. “झालं मऊ.”

भांड्यात भाकरीचे तुकडे अजून तसेच होते.