म्हशीला मलम, मामांना नुसतं कढत पाणी

मंडळी, सकाळपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. वडूजला थंडी सुरू झाली की त्यांच्या टाचांना भेगा पडतात, नडग्या पांढऱ्याफटक होतात, खाजवून खाजवून ओरखडे उठतात. कढत पाण्यानं कातडी आणखी कोरडी पडते, तरी आंघोळीला पाणी कढतच हवं. मी आणलेली क्रीमची बाटली कपाटात तशीच पडून आहे.

आज गोठ्यात गेले, तर धार काढून झाल्यावर मामा म्हशीच्या सडांना मलम लावत होते. थंडीनं सड फुटू नयेत म्हणून, अगदी हलक्या हातानं. आणि त्यांचीच बोटं चिरलेली!

मी चिडलेच. "आवं मामा, तिला रोज लावताय, मग सोताला का न्हाई?"

"ती दूध देती," ते सहज म्हणाले. "मी काय देतोय आता?"



सुनेनं पायाला तेल लावलेलं त्यांना आवडत नाही. म्हणून आज कोमट पाणी दिलं आणि आंघोळ करून ते खुर्चीत बसल्यावर "पाया पडते" म्हणत वाकले. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला आणि मी पाय धरूनच ठेवले. ओलसर होते तोवरच खोबरेल चोळलं.

"सोड गं पोरी, कुणी बघंल," म्हणाले. पण पाय काही मागं घेतले नाहीत.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. आज घरी गेलात की त्यांच्या पाया पडा. आणि पाय लगेच सोडू नका.