खुलताबादच्या रस्त्यावरची बंद मोटर

त्या दिवशी कंपनीची बस आलीच नाही. मुकुंदवाडीच्या चौकात आमचे हे डबा घेऊन तासभर उभे राहिले आणि मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून वाळूजला गेले. दुपारी परतले तेव्हा डबा तसाच भरलेला होता. "गेटला कुलूप हाये. कागद चिटकवलाय," एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अठरा वर्षं त्या कंपनीतल्या मोटरी आणि पंप सांभाळलेला माणूस. मला वाटलं, धक्का बसलाय, संध्याकाळपर्यंत सावरतील. पाच आठवडे झाले तरी ते सावरले नाहीत.

जेवायला उठत, पुन्हा पडत. बोलणं जवळजवळ बंद. कंपनीतले सोबती येऊन कामं सुचवून गेले, हे छताकडे बघत राहिले. मी दोन घरच्या पोळ्या धरल्या. मोरीच्या सांडपाण्यावर पालक-मेथी लावली, मागच्या दारी चूल मांडली. पोटाचं कसंबसं भागत होतं. पण घरातला माणूस डोळ्यांदेखत परका होत चालला होता, आणि त्यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता.

माझी देवावर श्रद्धा होती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सासूबाईंचा भद्रा मारुतीवर फार जीव. त्यांच्या माघारी शनिवारचं तेल मी सवयीनं घालत असे, इतकंच. चैत्रातल्या एका शनिवारी शेजारच्या बायका पायी खुलताबादला निघाल्या, तेव्हा घरात बसवेना म्हणून मीही निघाले. वाटेत नवस मनात जुळवून ठेवला होता. यांची नोकरी परत मिळू दे, म्हणायचं.

मारुती तिथं निजलेल्या रूपात आहे. हे काही मला नवं नव्हतं. लग्नानंतर दोनदा दर्शन घेतलेलं. पण त्या दिवशी समोर उभी राहिले आणि तो शेंदरी, आडवा झालेला देव पाहून अंगातून सणक गेली. "तुम्हीपण पडूनच व्हय?" वाक्य तोंडातून मोठ्यानं निघून गेलं. मागची बाई दचकून माझ्याकडे बघायला लागली. मला माझीच भीती वाटली. नवस बोललेच नाही. नारळ पिशवीत तसाच घेऊन, सोबतच्या बायकांनाही न सांगता, मी दौलताबादच्या दिशेनं भराभर चालू लागले.

किती चालले कुणास ठाऊक. घसा कोरडा पडला तेव्हा रस्त्याकडेच्या एका सीताफळाच्या मळ्यापाशी लिंबाखाली रांजण दिसले. झाकण काढलं तर आत थेंब नाही. शेजारी बाजेवर पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते स्वतःच्या विहिरीचं पाणी पाजत. त्यांनी घरातून तांब्या आणून दिला. पाणी प्यायले आणि तिथंच खाली बसून रडायला लागले. त्यांनी विचारलं तसं सगळं सांगून टाकलं. बंद कंपनी, तिथल्या मोटरी सांभाळणारा आणि आता पडून असलेला नवरा, देवाला बोललेलं वाकडं वाक्यसुद्धा.

चाचांनी रिकाम्या रांजणावर झाकण परत ठेवलं. मग म्हणाले, "मोटर बंद पडी है बेटी, सुबह से. लोगां प्यासे जारे. तेरे घरवाले कू फोन पे पूछ ना, क्या हुआ होंगा."

मी फोन लावला. मोटरीचं नाव काढताच हे म्हणाले, "मी कुठं नाय येत." मी म्हटलं, येऊ नका, नुसतं सांगा. मग म्हणाले, "चालू करून फोन तिच्याजवळ धर." चाचांनी बटण दाबलं. मोटर जागच्या जागी घुमायला लागली, पण फिरेना.

"बंद कर, बंद कर! जळंल ती!" हे ओरडले. पाच आठवड्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. "मेन स्विच खाली वढ. आता मागची जाळी काढ. पंखा हातानं फिरतो का बघ."

चाचांनी पेचकस दिला. जाळी निघाली, पंखा बोटानं गरगर फिरला. तसं सांगितलं.

"मग कपॅसिटर गेलाय, चालू होताना धक्का देतो तो. थांब तिथंच. येतो मी."

फोन बंद झाला तरी मी तो कानालाच धरून उभी होते. "येतो मी" हे शब्द खरे की माझ्या कानांचा भास, हेच कळेना. तासाभरानं शेजाऱ्याच्या गाडीवरून हे उतरले, वाढलेल्या दाढीनिशी, घरातल्याच चपलांवर. वाटेत दुकान उघडायला लावून कपॅसिटर आणला होता. तो बसवला, बटण दाबलं आणि पाइपातून पाणी उसळलं. हे तसेच वाकले आणि डोकं त्या धारेखाली धरलं. पाणी पाठीवरून वाहत होतं, आणि पाठ हुंदक्यांनी हलत होती.

चाचा एवढंच म्हणाले, "बाजूके खेत में भी एक बंद है. देख के जाव."

तिथून काम सुरू झालं. त्या रस्त्यावरच्या मळ्यांतून हे मोटरी दुरुस्त करत फिरू लागले. जळालेल्या मोटरी घरी येऊ लागल्या, तेव्हा तांब्याची तार गुंडाळायला, म्हणजे मोटर बांधायला, मी शिकले. पहिली दोन वेटोळी चुकली, ती उसवून पुन्हा भरली. आता पंख्याच्या आणि मिक्सरच्या मोटरी मी एकटी बांधते. कंपनी काही उघडली नाही.

वर्षानं आम्ही पेढे घेऊन चाचांकडे गेलो. ते मळ्यात होते. त्यांची सून पेढे ठेवायला आत गेली, तिच्या मागोमाग मी. आतली फळी बघून मी जागीच थांबले. तारेची रिळं, वेटोळ्यांचे लाकडी साचे, लाकडी हातोडी आणि डबाभर कपॅसिटर.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"अब्बा का. जिंदगीभर मोटरां बांधे ना वो. शहर में दुकान थी उनकी," ती सहज बोलून गेली.

तेवढ्यात चाचा दारात आले आणि तिच्यावर डाफरले, "चूप बैठ गे!"

"चाचा, त्या दिवशी तुमच्याकडं कपॅसिटर होता?"

"हौ, था." ते खाली बघत होते. "मैं लगाता तो खाली मोटरच चालू होती, बेटी."

मी मागायला गेले होते नोकरी. तीसुद्धा न मागता, उलट बोलून, रागानं परत फिरले होते. तरी कुणीतरी माझे पाय बरोबर त्या लिंबाखाली वळवले. कुणी, ते मी कुणाला पटवून देत नाही, स्वतःलाही विचारत नाही. आपल्या हातात आहे तेवढं करावं आणि उरलेलं सोडून द्यावं, एवढंच मला उमगलं. तेही उशिरा.

मी चाचांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला अर्ध्यातच धरलं. "मेरे पांव नक्को पड. उसके पड."

मी तशीच उभी राहिले आणि हात जोडले. कोणत्या दिशेला, ते मला आजही सांगता यायचं नाही.