हळूकाकांचे जुने बल्ब

आता सगळं पार पडलंय, म्हणून हसत सांगता येतंय. त्या आठवड्यात कोणी मला विचारलं असतं तर मी अंगावर धावून गेले असते.

आमच्या यांना थिएटरात सगळे हळूकाका म्हणतात. हे नाटकांना उजेड देतात. उजेड वाढवायचा असो की उतरवायचा, दांडीवर हात ठेवून स्वतःशीच "हळू... हळू..." पुटपुटत असतात, त्यावरून ते नाव पडलं. मला विचाराल तर मी ते लग्नानंतर आठवडाभरातच ठेवलं असतं. यांना चपला घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी एक बाही उसवून पुन्हा शिवते. हो, मीही त्याच थिएटरात आहे, पोशाखांच्या खोलीत. यांची खोली प्रेक्षकांच्या मागे वर, माझी रंगमंचाच्या मागे खाली. दिवसभर एका छपराखाली असून आमची गाठ पडते ती फक्त चहाला. संसार टिकला तो त्यामुळेच, असं मी सगळ्यांना सांगते, आणि हे कधी नाही म्हणत नाहीत.

आमच्या थिएटरातले दिवे जुने. पत्र्याचे जड डबे, पुढे जाड भिंग आणि आत तारेचा मोठा बल्ब. त्या बल्बांवर यांचा भारी जीव. काचेला उघडं बोट लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणा राहिला की तिथेच काच फुगते. म्हणून माझ्याकडच्या मऊ सुती चिंध्या हे मागून न्यायचे, आणि मी त्या देताना दोन शब्द ऐकवायचे. दुसरं म्हणजे थंड बल्बला एकदम पूर्ण वीज द्यायची नाही. प्रयोगाच्या आधी सगळे दिवे नुसते मिणमिणते ठेवायचे, तार सावकाश गरम होऊ द्यायची, मग दांडी वर. "गारठलेल्या तारेला एकदम ताप दिला की ती तुटते," असं यांचं म्हणणं. मलाही सकाळी असंच उठवत जा, असं एकदा म्हणाले होते. मी गार पाण्याचा पेला दाखवला.

पण कारखान्यांनी ते बल्ब करायचंच सोडलं. जवळ होते ते एकेक करून गेले. प्रत्येक बल्ब गेला की हे दोन दिवस घरात गप्प. शेवटी व्यवस्थापकांनी नव्या प्रकारचे बल्ब आणले, जुन्याच डब्यात बसणारे. तार नाही, ताप नाही, वीज थोडी. यांनी शिडीवर चढून सगळे बसवले, रंग जमवले, आणि खाली उतरून म्हणाले, "वाईट नाहीत." यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे खूपच झालं.

बाकी सगळे तर खूशच होते. नटांचा रंग घामाने ओघळेना, टोपाखाली डोकी शिजेनात. सगळ्यांत जास्त खूश मी. रोजचे घामाचे डाग काढून माझ्या नाकी नऊ आले होते. हे नवे बल्ब ज्याने शोधून काढले त्याचं भलं होवो, असं मी चारचौघांत मोठ्याने म्हटलं.

मग तालीम सुरू झाली, आणि वन्सं चुकल्या.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, आमच्या थिएटरातली सगळ्यांत जुनी नटी. आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नाही. मी शिवलेल्या प्रत्येक पोशाखात त्या खांद्यापाशी काहीतरी खोट काढणार, आणि खांदा सरळ आहे, उभं राहणंच वाकडं आहे, असं मी त्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटणार. पण त्यांचं काम पाहताना मी सुई खाली ठेवते, हे खरं. या नाटकात त्या म्हातारी आई होतात. शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर संध्याकाळ असते. दारातून त्या एकट्या येतात आणि अगदी पुढच्या कडेजवळच्या खुर्चीत बसतात. शेजारी खोटी शेगडी, आत लाल कागद आणि छोटासा दिवा. त्या शेगडीवर हात धरून एक वाक्य बोलतात आणि हे उजेड उतरवत नेतात. पुष्कळदा लोक टाळ्या वाजवायचेच विसरतात.

त्या दिवशी वन्सं दारातून आल्या आणि खुर्ची ओलांडून सरळ कडेकडे निघाल्या. मुलाचं काम करणाऱ्या नटाने धावत जाऊन दंड धरला म्हणून बरं.

"ताई, दमलात का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"पाय अडखळला," वन्सं म्हणाल्या. माणूस अडखळतो तेव्हा थांबतो. या थांबल्या नव्हत्या.

यांना वाटलं, ताईला खुर्ची दिसली नाही, उजेड कमी पडला. दुसऱ्या दिवशी खुर्चीवरचा दिवा भगभगीत करून ठेवला. वन्सं त्या उजेडातून डोळे बारीक करून गेल्या आणि पुन्हा तेच. दिग्दर्शक भला माणूस. त्याने यांना बाजूला घेतलं. "काका, त्या मला आईसारख्या आहेत, म्हणूनच सांगतो. पडल्या तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. रंगीत तालमीतही असंच झालं तर मला त्यांच्या जागी दुसऱ्या नटीला उभं करावं लागेल."

वन्संना मूलबाळ नाही, यजमान कधीच गेले. त्यांना रोज घराबाहेर काढणारी गोष्ट म्हणजे हे थिएटर. ते सुटलं तर ही बाई भिंतींशी बोलत बसेल, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं. हे रात्री जेवले नाहीत. मी रागावून त्यांच्या वाटचंही जेवले, आणि मग मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी पोशाखाचं माप घ्यायचं निमित्त करून मी वन्संच्या घरी गेले. त्यांनी चहा केला. दोन कप ओट्यावर होते, एक भरलेला, एक रिकामा. त्यांनी दोन्ही कपांवरून तळहात फिरवला, जिथे वाफ लागली नाही त्यात चहा ओतला आणि आधी भरलेला माझ्यापुढे सरकवला. इतक्या सहज की दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या लक्षात आलं, कारण मी या बाईकडे इतकी वर्षं फक्त चुका शोधायला बघत आलेय.

"वन्सं, तुम्हाला दिसत नाही."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. खरं तर घरात तिसरं कोणी नव्हतं.

"कधीपासून?"

"पुष्कळ दिवस झाले. कडेकडेचं दिसतं, समोरचं धुकं. दारातून अंदाजाने यायचं आणि गालाला ऊन लागलं की थांबायचं. तो वरचा दिवा काय तापायचा अगं! ऊन उजव्या गालावर आलं की खुर्ची मागेच. कधी चुकले नाही. आता तुझ्या नवऱ्याने तिथे चांदणं लावलंय. नुसतं पांढरं. कुठे थांबू?"

जो ताप गेला म्हणून आम्ही सगळे खूश होतो त्याच तापावर ही बाई इतके दिवस चालत होती. मला माझाच राग आला आणि त्यांचाही. "सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर काढलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग खुर्चीत टेकून मोठा श्वास सोडला. "सुटले बाई. कोणाला तरी कळलं एकदाचं. त्याला सांग हवं तर. बाकी कोणाला नको."

यांना सांगितलं तेव्हा आधी विश्वासच बसेना. मग म्हणाले, "म्हणून म्हणायची, तो दिवा बदलू नकोस." आणि चपला घातल्या, चक्क पटकन. एकच जुना बल्ब हवा होता, खुर्चीवरच्या दिव्यापुरता. भंगारवाले झाले, बंद पडलेल्या शाळेचं सभागृह झालं, जुनी यंत्रं दुरुस्त करणारे झाले. कुठे बल्ब मिळे तर बूड बसेना, बूड बसे तर आत तारच तुटलेली. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी एका दुरुस्तीवाल्याच्या फळीवर धूळ खात पडलेला एक सापडला. अगदी हवा तसाच. हे तो माझ्याच चिंधीत गुंडाळून, पोटाशी धरून घेऊन आले.

थिएटरात सगळे जमलेच होते. हे शिडी चढले, बल्ब बसवला, वर आपल्या खोलीत धावत गेले. धावत! मी इकडून पाहत होते. वन्सं खुर्चीपाशी उभ्या, चेहरा वर. आणि यांनी आनंदाच्या भरात दांडी एकदम वर नेली.

उजेड पडला, फट् झालं आणि अंधार.

आयुष्यभर हळू हळू करणारा माणूस त्या एका क्षणी घाईला आला. हे खाली येऊन शिडीच्या पायरीवर बसले. वन्संनी अंदाजाने हात लांब केला, तो यांच्या डोक्यावर पडला. "जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. मी तोंड भरून बोलायला गेले होते, ते तशीच माझी चिंधी उचलून तिची घडी घालत राहिले.

सकाळी उठले तर माझा गुडघा धरलेला. काळजी आली की तो धरतोच. मी नेहमीसारखा शेकाचा दिवा काढला, डॉक्टरांनी दिलेला तो लाल बल्ब, आणि पाय लांब करून बसले. हे चहा घेऊन आले, मला कप दिला आणि उभेच राहिले. मग वाकून माझ्या गुडघ्यासमोर हात धरला. पुढे केला, मागे घेतला.

"एवढ्या लांबूनही लागतं," हे म्हणाले.

"लागणारच. शेकाचाच आहे ना."

"यात तारच असते. हा मिळतो का अजून?"

"औषधाच्या दुकानात. का हो?"

हे माझ्याकडे पाहायला लागले आणि मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. वर कशाला शोधायचं? खुर्चीच्या शेजारी शेगडी आहे! लाल दिसलं तर उलट बरंच. मी पाय ओढून घेतला आणि म्हटलं, "घ्या. पण माझा गुडघा आजच्या दिवस तुम्ही चोळायचा."

थिएटरात यांनी शेगडीतला लाल कागद काढून टाकला. पत्रा बसवला, वर जाळी घातली, बल्ब वन्संच्या येण्याच्या वाटेकडे थोडा कलता केला. हात धरधरून पाहिलं, काही तापून पेटणार नाही ना. मग वीज सोडली, मिणमिणती. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. "हळू... हळू..." एवढा गोड मला तो शब्द कधी वाटला नव्हता.

रंगीत तालीम संध्याकाळी झाली. शेवटच्या प्रवेशाला वन्सं दारातून आल्या. मी पडद्याची कड मुठीत धरली होती. त्या चालत आल्या, खुर्चीपर्यंत पोचल्या, पुढे एक पाऊल टाकणार असं मला वाटलं, आणि थांबल्या. डावा हात थोडा उघडला, जणू कोणी काही देतंय. वळल्या. बसल्या. माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही हात शेगडीवर धरून त्यांनी ते वाक्य म्हटलं, आणि तळहात लाल उजळले होते. दिग्दर्शक नाक शिंकरत म्हणाला, "काका, शेगडी अगदी खरी वाटते हो." प्रयोगही तसाच झाला, आणि त्यानंतरचेही.

पहिल्या प्रयोगानंतर वन्सं आत आल्या तेव्हा मी त्यांचा पोशाख उतरवायला उभी होते. खांद्याबद्दल काहीतरी येणार म्हणून मी तयारच होते. त्यांनी माझा हात चाचपून धरला, गुडघ्याकडे वाकून विचारलं, "फार दुखतोय का गं?"

दिवा कोणाचा ते यांनी सांगितलं होतं तर. मला रडूच आलं. एवढ्या वर्षांत ही बाई माझ्या कुठल्या दुखण्याची चौकशी करेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही. यांनी चोळून दिलाय. दुसरा दिवाही आणलाय."

"मग बरं," वन्सं म्हणाल्या, आणि लगेच सावरल्या. "त्याला सांग, शेगडी जरा जास्तच तापली होती. पायाला चटके बसले."

हे दारातच उभे होते. हसत म्हणाले, "उद्या हळू ठेवतो, ताई."