सगळ्यांत मागं राहणारी गाडी

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले. मोर्चा संपला की उरलेले गठ्ठे माळ्यावर यायचे आणि मी त्यांच्यावरच अक्षरं जुळवायला शिकलो. शाळेत गाईवर निबंध लिहिला तोसुद्धा 'जाहीर निषेध' करून संपवला. कशाचा निषेध, हे बाईंनी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःची पत्रकं काढायला लागलो. त्यातल्या एकामुळं माझ्या जिवाभावाच्या मित्रावर मोटारसायकल विकायची वेळ आली.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला मोटारसायकलींची शर्यत व्हायची, ओढ्यापासून देवळापर्यंत. आदल्या वर्षी एकजण थेट कडब्याच्या गंजीत घुसला आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. मी पत्रक लिहिलं : 'वेग म्हणजे पुरुषार्थ नव्हे'. शिरूरला छापून आणलं, एसटीत वाटलं, पारावर वाटलं, डेअरीच्या रांगेत वाटलं. कुणी वाचेल अशी माझी अपेक्षा नव्हती. आजवर कुणी वाचलं नव्हतं. पण जत्रा कमिटीचे अध्यक्ष आप्पा यांनी वाचलं आणि मला बोलावणं पाठवलं.

"तुझं पटलं बाबा," आप्पा म्हणाले. "पळायची शर्यत बंद. यंदा हळू जायची घेऊ. जो सगळ्यांत शेवटी पोचंल त्याचा पयला नंबर. नियम तूच लिही, तुला लिवायची हौस हाय."

मी रात्रभर बसून नियमावली लिहिली. अंतर शंभर फूट. गाडी पहिल्या गिअरमध्ये. एकदा क्लच सोडला की पुन्हा त्याला हात लावायचा नाही. ब्रेक नाही. पाय टेकला की बाद. माणसाच्या हातचलाखीला कुठंही फट ठेवली नव्हती. मला स्वतःचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मित्र दारात उभा. त्याच्याकडं पंचक्रोशीतली एकमेव स्पोर्ट बाईक होती, लाल, पुढं वाकून चालवायची. त्याच्या वडिलांना, आबांना, ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढं नको होती. त्यांनी अट घातली होती : यंदा जत्रेत पहिला नंबर काढ, नाहीतर गाडी विकायची आणि दोन जर्सी गाई घ्यायच्या. मित्र वर्षभर पहाटे उठून कालव्याच्या रस्त्यावर सराव करत होता.

"आदी माझी शर्यत बंद केलीस," तो म्हणाला. "मग असं नियम केलंस की निस्ती माझीच गाडी हरंल. माझी पयल्या गिअरमध्ये सोडली तरी पळती. दूधवाल्या मामाची गाडी मुंगीसारखी चालती. तुला गाय पायजे व्हती तर सरळ मागायची."

मी त्याला सामूहिक हिताबद्दल समजावू लागलो. तो म्हणाला, "तोंड नको उचकटू. गाडी हळू कर."

म्हणून आम्ही दौंडला गेलो. रेल्वे कॉलनीच्या पलीकडं एक मेस्त्री होते. सगळ्या तालुक्याची तरुण मंडळी त्यांच्याकडं गाडी पळवून घ्यायला यायची. मेस्त्रींनी गाडीकडं पाहून नेहमीचा प्रश्न विचारला, "टॉप पायजे का पिकअप?"

"दोन्ही नको," मी म्हणालो. "हळू जायला पाहिजे."

मेस्त्रींनी हात पुसले. "चालू असताना?"

मी त्यांना पत्रकाची प्रत दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि आमच्यासाठी चहा मागवला. आजारी माणसाच्या नातेवाइकांसाठी मागवतात तसा. मग म्हणाले, "बगा, हितं इंजिनच्या स्प्रॉकेटला, ह्या चेनच्या चक्रीला, चौदा दात. मागं चाकाच्या स्प्रॉकेटला बेचाळीस. म्हंजी पुढचं तीनदा फिरलं की चाक एकदा फिरणार. आता पुढं बारा दाताचं बसवू, मागं अठ्ठेचाळीस. मग चारदा फिरलं की एकदा. इंजिन तेवढंच बोंबलंल, गाडी तीन पावलंच टाकंल, चौथं न्हाई."

मागचं स्प्रॉकेट स्वयंपाकघरातल्या ताटाएवढं दिसत होतं. चेन पुरेना म्हणून तिला कड्या जोडल्या. मेस्त्रींनी जुनी दोन्ही स्प्रॉकेटं कागदात गुंडाळून दिली आणि माझ्या मित्राला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना?"

परतताना कळलं आम्ही काय केलंय. इंजिन ऐंशीचं ओरडायचं आणि गाडी साठनं जायची. वस्तीवरची माणसं आवाज ऐकून रस्त्याला यायची आणि आम्ही येईपर्यंत थांबायची. एका ठिकाणी गाय बिथरली, पण आम्ही तिच्याजवळ पोचेस्तोवर ती पुन्हा चरायलाही लागली होती. मित्र हेल्मेटमधून काहीतरी बोलत होता. मला फक्त माझं नाव ऐकू येत होतं.

माझ्या मनाला मात्र दुसरीच टोचणी होती. नियम लिहिणाऱ्यानंच पळवाट काढायची हे तत्त्वात बसेना. म्हणून मी जत्रेच्या आदल्या दिवशी देवळाच्या भिंतीवर जाहीर सूचना चिकटवली : 'स्प्रॉकेट बदलण्यास सर्व स्पर्धकांना मुभा आहे.' मित्राला हे कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. पण सूचना कोणीच वाचली नाही. संध्याकाळी तिच्यावर तमाशाचं पोस्टर लागलं.

शर्यतीला सात गाड्या होत्या. चौघांनी पाच पावलांतच पाय टेकले. एकाची गाडी बंद पडली. उरले दोघं, मित्र आणि दूधवाले मामा. मामा वीस वर्षं मागं दोन कॅन लावून ओढ्यातून गाडी काढत आलेले, तोल ढळणं त्यांना ठाऊकच नव्हतं. गाडी चालवता चालवता ते लोकांशी बोलत होते.

"काय रं, कांदा काढला का?"

"न्हाई अजून."

"काढ की मग. पाऊस यील." एवढं बोलणं झालं तरी तो माणूस अजून त्यांच्या शेजारीच उभा होता.

लाउडस्पीकरवरचा माणूस दरवर्षी पळत्या शर्यतीचं वर्णन करायचा, त्याची पंचाईत झाली. "आले, आले," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "येताहेत." मग, "येतील." मग त्यानं हरवलेल्या पाकिटाची सूचना दिली, कुस्त्यांची वेळ सांगितली, पाणी प्यायला आणि परत येऊन पाहिलं तर दोघं अजून अर्ध्यातच.

मित्राच्या कानशिलावरून घाम गळत होता. मी त्याच्या बाजूनं चालत होतो आणि मला दोनदा थांबावं लागलं, नाहीतर मी पुढं गेलो असतो. मामांचं पुढचं चाक एका हातानं पुढं होतं, मग दोन हातांनी. चुन्याची रेघ त्यांनी ओलांडली तेव्हा त्यांनी वळून मित्राच्या मागच्या चाकाकडं पाहिलं. "हे काय बसवलंय रं? परात का?"

मित्रानं रेघ ओलांडली, आधी पाय टेकले आणि मग तो रडला. पहिला नंबर. आप्पांनी फेटा बांधला. नियम लिहिल्याचा मान म्हणून माझ्याही गळ्यात हार पडला.

आबा गर्दीत शेवटी उभे होते. ते आले, गाडीभोवती फिरले, वाकून मागचं स्प्रॉकेट बोटांनी चाचपलं.

"ठिवायची गाडी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मित्र पाना घेऊन बसला, तर जुनी स्प्रॉकेटं जागेवर नव्हती. आबांनी ती कुलपात ठेवली होती.

"आबा, तुम्ही शब्द दिलाय."

"मग ठिवलीच की. मी कवा न्हाई म्हटलं?" आबांनी सीटवर पोतं अंथरून दोन्ही बाजूंना कॅन अडकवले. "मी पोरगा व्हतो तवा मेंढरांमागं कोकणापतोर चालत गेलोय. पळणाऱ्या जिनसीचा मला भरवसा न्हाई. ही आता कशी मेंढराच्या चालीनं चालती. दूध हिंदकळत न्हाई."

साठीच्या उंबरठ्यावर आबा मोटारसायकल शिकले. पहिला गिअर शिकले, दुसऱ्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. रोज सकाळी लाल स्पोर्ट बाईकवर ते ताठ बसून डेअरीला निघायचे आणि मित्र मागचे कॅन धरून बरोबर चालायचा. स्प्रॉकेटं कुलपात गेल्यावर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, ते आता पुन्हा सुरू केलं होतं; त्यात मला आवडण्यासारखं फारसं काही नव्हतं.

एकदा मीही त्यांच्यासोबत चालत होतो. मित्रानं चालता चालता हळूच विचारलं, "आबा, येत्या रविवारी गाडी घिऊन शिरूरला जाऊ का? पिक्चर हाय तीनचा."

आबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"जा की," ते म्हणाले. "पर सकाळी लवकर निघ."