हा नको, दुसरा दाखव

मी चार वर्षं कॉलेजच्या बेसबॉल संघात होते आणि माझ्या बॅटला बॉल लागला असेल तो बहुतेक चुकूनच. तरी सोलापूरच्या आमच्या कॉलेजांच्या लीगमध्ये एका गोष्टीत माझा पहिला नंबर होता: फुकट पहिल्या बेसवर जाण्यात.

नियम साधा आहे. समोरच्या पोरीनं छाती ते गुडघा एवढ्या चौकटीच्या बाहेर चार बॉल टाकले आणि तुम्ही त्यांच्यावर बॅट फिरवली नाही, की ऐटीत चालत पहिल्या बेसवर जायचं. याला वॉक म्हणतात. आमच्या संघातल्या पोरी मला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायच्या. म्हणोत बापड्या!

हा गुण मी पप्पांच्या दुकानात शिकले. नवी पेठेत आमचं साड्यांचं दुकान. लहानपणापासून गादीच्या कोपऱ्यात बसून मी बघायची. बाई येते, मांडी घालून बसते, पप्पा साडी उलगडतात, बाई नाक मुरडते. "ही नको, दुसरी दाखवा." चाळीस घड्या मोडायच्या आणि मग "येते हं परत" म्हणून चपला घालायच्या. पप्पा पुढचा अर्धा तास तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घड्या घालायचे. मला मात्र त्या बायकांचं फार कौतुक. काय तो धीर, बाई! हातात बॅट आली तेव्हा मी तेच केलं. बॉल आला. हा नको, दुसरा दाखव.

पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मॅचला कधी आलेच नव्हते. दुकान कोण बघणार? शेवटच्या वर्षी फायनलला मात्र कुलूप लावून आले, तेही शेजारच्या बांगडीवाल्या चाचांना घेऊन. "माझी पोरगी कशी हाणती बघा," असं येतानाच सांगून ठेवलेलं. मेले मी! त्या दिवशी मला कपबिप काही नको होता. पप्पांच्या देखत एकदा, फक्त एकदा, बॉल दणकवायचा होता.

पहिल्यांदा गेले, वॉक. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा वॉक. पप्पा कुंपणाची तार धरून ओरडले, "अगं, भवानी तरी कर की!" दुकानातली दिवसाची पहिली विक्री ती भवानी. सगळं ग्राउंड हसलं.

शेवटचा डाव आमचा. गुण बरोबरीत, तिन्ही बेसवर आमच्या पोरी, दोघी बाद, आणि बॅट घेऊन मी. तीन बॉल बाहेर गेलेले, दोन आत. आणखी एक बाहेर गेला तर मला वॉक, सगळ्या एकेक बेस पुढे सरकणार, तिसऱ्या बेसवरची पोरगी गुण काढणार आणि आम्ही जिंकणार. आत आलेला सोडला तर तीन झाले, मी बाद आणि डाव संपला. दात-ओठ खाऊन ठरवलं, काहीही येऊ दे, मारायचाच! बॉल सुटला. हात शिवशिवले. पण मेल्या डोळ्यांना दिसलं, की गुडघ्याच्या वीतभर खाली चाललाय. बॅट खांद्यावरच राहिली.

जिंकलो. पोरी नाचत होत्या आणि मी पहिल्या बेसवर उभी राहून ढसाढसा रडत होते. पप्पांनी दुकान बंद ठेवलं, आणि दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी कुंपणाशी गेले तेव्हा चाचा म्हणत होते, "बेटी तो कुछ करीच नै, और जीत गए?"

पप्पांनी कुंपणाची तार सोडली. मग म्हणाले, "मी वळखतो हिला. चाळीस साड्या उलगडायला लावून न घेता उठणारी बाई हाय ही. तीस वर्षं असल्या बाईपुढं हरतोय मी. ती समोरची पोरगी काय जिंकती!"

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई सगळं कपाट उपसून, "येते हं परत" म्हणत उठली. आता उद्धार होणार म्हणून मी मुकाट्यानं घड्या घालायला बसले. पप्पांनी तिला थांबवून चहा मागवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही माझी पोरगी. तुमच्याच टीममधली हाय."