मंगळाच्या राणीची हाक

मंगळावर राज्य करणारी पहिली राणी रत्नागिरीची होती, आणि ती मी. कोणाला पटो न पटो. मुकुट पुठ्ठ्याचा होता, त्यावर चहाच्या पेटीतला चंदेरी कागद डकवला होता, आणि तो मी स्वतः केला होता. नाटकही मीच लिहिलं होतं.

आमच्या महिला मंडळाचं वार्षिक संमेलन मे महिन्यात व्हायचं. दरवर्षी कोणीतरी सीता व्हायची, कोणीतरी द्रौपदी, आणि दोघींनाही वनवास. मला त्याचा मनस्वी कंटाळा आला होता. त्या सुमारास वाचनालयातल्या एका मासिकात मी वाचलं की मंगळावर कालवे दिसतात आणि ते कोणीतरी खणले असावेत. म्हटलं, कालवे आहेत तर पाण्याच्या पाळ्या ठरवणारं कोणीतरी असेलच, आणि ती बाई असायला काय हरकत आहे? मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "यात मिशीवाल्याला प्रेम करायला मिळतं का?" उंचीमुळे त्यांच्या वाट्याला कायम राक्षस यायचा. मिळतं म्हटल्यावर नाटक तिथल्या तिथे मंजूर झालं.

गोष्ट साधी होती. मंगळावरचे कालवे आटत चाललेत. दरबारात सगळे राणीला गोड वाटेल तेच सांगतात. खरं सांगतो तो एकटा तिचा हेरप्रमुख, म्हणून तिचा त्याच्यावर जीव. त्याचाही तिच्यावर आहे, पण दोघांपैकी कोणी तोंड उघडत नाही. पृथ्वीवरचे लोक पाणी कसं राखतात ते पाहायला राणी त्यालाच विमानातून पाठवते. तिथून तो किरणांनी खबर धाडतो, वर्षातून एकदा येऊन भेटतो आणि परत जातो. राणी आपली मनोऱ्यात उभी राहून लाल किरणाची वाट बघते.

आता यात मंगळ किती आणि रत्नागिरी किती, हे तालमीला येणाऱ्या प्रत्येकीला कळत होतं. अर्ध्या जणींचे नवरे मुंबईला होते. माझेही.

हे गोदीच्या कचेरीत कारकून. गावच्या माणसांबरोबर एका खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे, मे महिन्यात रजेवर यायचे आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत परत जायचे. मी इथे सासूबाईंजवळ. मला मुंबईला ह्यांच्यापाशी राहायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि ते मी लग्नानंतर पहिल्याच रजेत ह्यांना स्पष्ट सांगितलं होतं. "आईला विचारतो," हे म्हणत. रजा संपायची, ट्रंक बांधून व्हायची आणि विचारायचं तेवढं राहायचं. त्या वर्षी ह्यांना वेगळी खोली मिळाली होती, म्हणजे सांगायला सबबही उरली नव्हती. तरी हे गप्पच. माणूस सोन्यासारखा, पण आईपुढे उभं राहिलं की दातखीळ बसायची. मग मीच का विचारलं नाही? सुनेनं उठून सासूला 'मला नवऱ्याकडे जाऊ द्या' म्हणायचं, त्यापेक्षा मंगळावर जाणं सोपं होतं.

संमेलनाला पुरुषांना मज्जाव असे. पण गॅसबत्तीला पंप मारणं आमच्यातल्या कोणालाच जमेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ह्यांना पडद्यामागे बसायची खास परवानगी दिली. राणीनं मनोऱ्यातून "हेरप्रमुख!" अशी हाक मारली की ह्यांनी बत्तीपुढे पतंगाचा लाल कागद धरायचा, म्हणजे मंचावर किरण पडायचा. तालमीत ते काम हे अगदी चोख करत, आणि भलतेच खुशीत असत.

संमेलन शाळेच्या मोठ्या वर्गात, दिवेलागणीला सुरू झालं. सासूबाई मागे भिंतीशी, इतर विधवा बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. पहिले प्रवेश झकास झाले. डॉक्टरीणबाईंची मिशी घामानं एका बाजूनं सुटली खरी, पण निरोपाच्या प्रवेशात त्यांनी माझा हात असा काही धरला की फिदीफिदी हसणाऱ्या पोरीसुद्धा गप्प झाल्या.

मग मनोऱ्याचा प्रवेश आला. मनोरा म्हणजे मास्तरांचं टेबल, त्यावर मी उभी. पृथ्वीवरून किरण यायचे बंद झालेत, प्रधान म्हणतोय दुसरा हेर पाठवू. इथे मी हाक मारायची होती. मी 'हेरप्रमुख' म्हटलंच नाही. ह्यांचं नाव घेतलं. उखाण्यात गुंडाळून नव्हे, तर मागेपुढे काहीही न लावता, नुसतं, खणखणीत.

पुढे लोक म्हणत, बिचारीची जीभ घसरली. मुळीच नाही. मी ते ठरवून घेतलं. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडात आणू नये अशा त्या काळात, ते मोकळेपणी घ्यायला मला एकच जागा सापडली होती. आणि जे घरात बोलता येत नव्हतं, ते राणीच्या तोंडून सासूबाईंच्या कानावर घालायचं होतं.

पडद्यामागून ह्यांचा आवाज आला, "ओ! आलो, आलो!"

लाल कागद राहिला बाजूला. मग जो हशा उसळला, तो काही केल्या आवरेना. मी टेबलावरून हलले नाही. हसणं ओसरू दिलं.

"ओ दिलीत ना? मग आता ऐका," मी म्हणाले. हे वाक्य नाटकात नव्हतं. "यापुढे तुम्ही जाल तिथे मी येणार. मला वर्षभर इथे ठेवून जायचं नाही."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एकीनं पदर डोळ्यांना लावला. तिचा नवरा आफ्रिकेच्या बोटीवर होता. मीच पडदा पाडायची खूण केली.

घरी जाताना सासूबाई कंदील घेऊन पुढे चालत होत्या. मला केलं त्याचा पस्तावा नव्हता. हे मागाहून आले, हातांना रॉकेलचा वास आणि मान खाली. सासूबाईंनी दोघांची पानं शेजारी शेजारी मांडली. त्या घरात मी ह्यांच्या पंगतीला कधीच बसले नव्हते.

भात वाढता वाढता त्यांनी ह्यांना विचारलं, "हाक कोणी मारलीन?"

"हिनं," हे म्हणाले.

"आणि ओ कोणी दिलीन?"

"मी."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? ने तिला. बोटी बंद व्हायच्या आत ने."

मला रडूच फुटलं. "आणि तुमचं कसं होईल?" मी विचारलं.

"माझं काय व्हायचंय?" त्या चुलीपाशी टेकल्या. "तुझे सासरे जन्मभर मुंबैला जात होते. मी बंदरावर पोचवायला जायची. ते पडावात बसायचे, पडाव बोटीकडे निघायचा, आणि मी आपली उभी. कितीदा वाटलं, हाक मारावी. पण नाव कसं घ्यायचं? लोक काय म्हणतील? तिथेच मेले ते, त्या खोलीत. तार आली." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आज बघितलं गो. लोक हसतात आणि आपापल्या घरी जातात. बस, एवढंच होतं."

मग त्यांनी दाराकडे तोंड करून सासऱ्यांचं नाव घेतलं. बंदरावरून पडावातल्या माणसाला हाक मारावी तसं, शेवट लांबवून. आईच्या तोंडून ते नाव ह्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. हातातला घास तसाच राहिला.

"तोंडाला बरं लागतंय गो," सासूबाई म्हणाल्या.