दत्ताचं चार्जिंग, वारंगा फाटा

पेट्रोल पंपावर किस्से होत नाहीत. माणूस येतो, टाकी भरतो, हवा बघतो आणि दोन मिनिटांत निघून जातो. आमच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगवर तो तासभर अडकतो. पहिली दहा मिनिटं मोबाईल बघतो, मग चहा पितो, मग मशीनभोवती दोन चकरा मारतो आणि मग बोलायला लागतो. अशा रोज पाच-सहा गाड्या. किस्से साचणारच! आमच्या घरी सोयाबीनची नसेल एवढी थप्पी किस्स्यांची लागलीय.

हे चार्जिंग माझ्या मोठ्या भावानं, दत्तादादानं, वारंगा फाट्यावर टाकलं. एक मशीन, तिला दोन गन. गन म्हणजे गाडीत खुपसायचं ते जाड तोंड. बंदुकीचा काही संबंध नाही, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही. दादा श्रावणात गेला. डेंग्यू झाला होता. नांदेडच्या दवाखान्यात नऊ दिवस होता. आता मशीन मी बघतो. कंपनीच्या कागदावर ऑपरेटर म्हणून अजून दादाचंच नाव आहे, आणि नवा ऑपरेटर दहावी पास पाहिजे असा कंपनीचा नियम आहे. मी नववी नापास. म्हणून या महिन्याच्या शेवटी मशीन बंद करणार आणि दुसऱ्या कोणाला देणार म्हणतात.

बघतोच कोण बंद करतं ते!

*

आमच्या शेजारी भगवानची काळी-पिवळी जीप लागते. सीट भरल्याशिवाय जीप हलवायची नाही, हा त्याचा धर्म. रिकामा बसला की तो आमच्या मशीनच्या पडद्यावर आकडे बघत बसतो. टक्के त्याला ठाऊक नाहीत. त्याच्या लेखी ते सगळे सीटच.

एकदा पुण्याकडचं जोडपं आलं. नांदेडला निघालेलं, घाईत. गाडी लावली, नवरा चहाला गेला. बाईनं काच खाली करून भगवानला विचारलं, "अजून किती वेळ लागेल हो?"

भगवाननं पडदा बघितला. "ऐंशी झाले ताई. अजून वीस सीट भरायचे हायत."

"वीस?"

"व्हय. वीस भरले की सोडतो. काळजी करू नका, समदे बसतेत बराबर."

बाईनं शेजारची जीप बघितली. आत चौदाजण, मागं लटकलेले तीन, टपावर एक बोकड. तिनं फटकन काच वर केली आणि चारी दारं लॉक केली!

नवरा चहा घेऊन आला तर त्यालाही आत घेईना.

*

गेल्या साली पाटी लावली तेव्हाचा किस्सा. पाटीवर दादानं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, 'चार्जिंग करून मिळेल'. दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा शेतकरी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन हजर. बॅटरीवरचा पंप.

"चार्जिंग करून द्या."

मी म्हणालो, "बाबा, हितं गाड्या चार्ज व्हतेत. पंप न्हाई."

"काहून न्हाई?"

"मशीन मोठी हाय."

म्हाताऱ्यानं मशीन खालपासून वरपर्यंत बघितली. मग दोन्ही गन बघितल्या. मग मला बघितलं. "एवढी मोठी मशीन, आन् एवढुसा पंप भरत न्हाई? मग गाडी काय भरंल डोंबलाची!"

मी चिडलो. म्हणालो, निघा हितून. दादा आतून हसत आला. त्यानं मशीनमागच्या आमच्या दुकानातून वायरीचा एक प्लगबोर्ड ओढून बाहेर आणला, त्याला पंप लावला आणि म्हाताऱ्याला खुर्ची दिली. आठ दिवसांत सकाळी सात-सात पंपांची रांग! मी दादाला म्हणालो, "हे काय धर्मादाय खोललं काय?"

दादा म्हणाला, "लेका, गाडीवाला महिन्यातून एकदा येतो. पंपवाला रोज येतो. गावात आपलं नाव कोण घेईल?"

आता पंपवाले आले की मी रोज ओरडतो. प्लगबोर्ड काही आत नेत नाही.

*

दादा गेल्यावर फाट्यावर एक बातमी उठली. दत्ता चार्जिंगचा करंट लागून मेला! दवाखान्याचे कागद आमच्याकडं आहेत, पण कागद वाचतो कोण? गाड्या येईनात. आलेले गन हातात घेईनात. एकजण रुमालानं धरायचा, एकजण चप्पल हातात घालून. आमचा चहावाला मुंजाजीमामा घरचा माणूस. तो सुद्धा मशीनच्या चार हात लांबून चहा द्यायला लागला!

मी किती सांगितलं, गन गाडीत बसल्याशिवाय तिच्यात करंट येतच नाही. दादानं मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं हे. कोणी ऐकेना.

एका दुपारी असाच एक गाडीवाला दहा माणसांसमोर म्हणाला, "नको रे बाबा. हिनं एक घेतलाय."

माझं डोकं फिरलं. मी गन काढली, शर्टाची दोन बटणं खोलली आणि गन सरळ काखेत दाबून धरली. ताप बघतेत ना, तशी! "या म्हणलं, कोणाला बघायचं त्यानं बघा! माझा भाऊ तापानं गेलाय. तापानं!"

एक मिनिट गेलं, दोन गेली. मी गन सोडेना.

शेवटी पंक्चरवाले रशीदचाचा पुढं आले. त्यांनी माझ्या काखेतली गन हळूच काढली, उन्हात धरून नीट निरखली आणि लोकांकडं वळून म्हणाले, "बुखार नहीं है. लगाओ रे गाडी!"

त्या दिवशी तीन गाड्या लागल्या.

*

कंपनीला मी स्वतःहून फोन केला होता. दादा गेल्याचं लपवायचं कशाला? एक पोरगं बोलत होतं. शहरातलं, एकदम सफाईदार.

"सर, ऑपरेटरशी बोलायचं आहे. दत्ता सर आहेत का?"

"न्हाई. तो गेला."

"कुठे गेलेत सर?"

आता याला काय सांगायचं? मी म्हणालो, "वर."

"ठीक आहे सर. त्यांना खाली बोलावता का? मी होल्ड करतो."

मी शिवी द्यायला तोंड उघडलं होतं. दिली नाही. म्हणालो, "कर."

त्यानं खरंच होल्ड केला! मी फोन कानाला लावून मशीनपाशी बसलो. अकरा मिनिटं. तो थांबला, मीही थांबलो.

मग तो म्हणाला, "सर, ते येतायत ना?"

*

त्यानंतर पंधरा दिवसांनी कंपनीचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. मुंजाजीमामाच्या बाकड्यावर रुमाल टाकून बसले. दादाचा मृत्यूचा दाखला बघितला, वाईट वाटलं म्हणाले आणि पेन उघडला.

"तुमचं शिक्षण?"

"नववी."

"पास?"

"नापास. दोनदा."

साहेबांनी पेन बंद केला. मुंजाजीमामा चहा गाळत होता. तो गाळणी हातात धरून म्हणाला, "साहेब, पोरानं नववी दोनदा केलीय. नऊ दुणे अठरा. तुमची किती झाली?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला मशीनबद्दल विचारलं. मशीन अडकली तर काय करायचं? लाल बटण दाबायचं, उजवीकडं फिरवून सोडायचं, तीन मिनिटं थांबायचं. पाऊस आला तर? लाईट गेली तर? गन गाडीतच अडकली तर? मी सगळं सांगितलं. गन अडकल्याचं तर मी दोन उपाय सांगितले, एक कंपनीचा आणि एक दादाचा. साहेबांनी दादाचा लिहून घेतला!

आणि खाली लिहिलं, 'अपात्र'.

मी फॉर्म ओढला आणि फाडला.

साहेब शांतपणे म्हणाले, "माझ्याकडं दुसरा आहे."

मी तो पण फाडला.

"हे बघा, तुम्ही कितीही फाडा. तुमच्या त्या फोनपासून सिस्टीममध्ये 'ऑपरेटर उपलब्ध नाही' असं पडलंय. ऑपरेटरचा स्वतःचा फोन आला नाही तर महिनाअखेर मशीन आपोआप बंद होणार. माझ्या हातात काही नाही."

"मग तुमच्या हातात हाय काय?"

ते उठले. फाईल घेतली, गाडीत बसले, गाडी सुरू केली. भगवाननं कान टवकारले, वाकून गाडीच्या मागं बघितलं आणि अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे, ह्यांची तर डिझेल हाय!"

*

तुळशीचं लग्न लागलं तशा वराती सुरू झाल्या. एक नवरदेव इलेक्ट्रिक गाडीत निघालेला. गाडी फुलांनी सजवली, चार्ज करायचंच विसरले. फाट्यावर पोचली तेव्हा सात टक्के! मागं दोन टेम्पो वऱ्हाड आणि बँडवाले. गाडी लावली, आता तासभर करायचं काय? बँडवाल्यांनी ढोल काढला.

मी धावलो. "हितं वाजवायचं न्हाई!"

नवरदेवाचा बाप पुढं आला. "काहून? रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

"माझ्या भावाची जागा हाय. तीन महिने झाले त्याला जाऊन. वाजलं तर गन काढून घेतो!"

तो बिचारा एकदम मऊ झाला. हात जोडले. त्यानं सगळ्यांना खाली बसवलं. शंभर माणसं, नवे कपडे, डोक्याला फेटे, आणि कोणी बोलेना. करवल्या पोरांची तोंडं दाबून बसल्या. नवरदेव गाडीत मान खाली घालून. लग्न नव्हे, दहावा वाटायला लागला.

पाच मिनिटं मी सहन केलं. दादाला हे चाललं असतं काय? तो तर ट्रॅक्टरच्या हॉर्नवर नाचणारा माणूस!

मी ओरडलो, "वाजवा रे!"

बँडवाला घाबरून म्हणाला, "कोणतं वाजवू?"

"सगळ्यात मोठ्यानं वाजंल ते!"

असं वाजलं, असं वाजलं! रशीदचाचा टायर सोडून आले. मी नाचलो, का रडलो, मला ठाऊक नाही. घामानं सगळं एकच दिसतं. तेवढ्यात मंडपातून फोनवर फोन. मुहूर्त चाललाय, असाल तसे निघा! पडद्यावर एक्केचाळीस टक्के. नवरदेव मला म्हणाला, "भाऊ, पुरंल का एवढ्यावर?"

मुंजाजीमामानं गन काढून माझ्या हातात दिली. स्वतःच्या हातानं काढली, बरं का! आणि नवरदेवाला म्हणाला, "जा बिनधास्त. उरलेलं सासरी भरंल."

*

महिना संपायला दोन दिवस होते. दुपारी फाटा सामसूम होता. मी ठरवलं, आता आपणच दादा व्हायचं. ऑपरेटरचा फोन पाहिजे ना? घ्या फोन!

दादाचा मोबाईल, दादाचं सिम. आवाज आमचा सारखाच. आई फोनवर कायम फसायची. फरक एवढाच की दादा हळू बोलायचा, समोरच्याला पुरं बोलू द्यायचा. मी दोनदा पाणी प्यायलो आणि नंबर लावला. या वेळी एक मुलगी होती.

"नमस्कार ताई. मी दत्ता बोलून राहिलो, वारंगा फाट्यावरून. मशीन चालू ठेवा. मी हाय."

"नमस्कार सर. जन्मतारीख सांगता का?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा."

"सर, तारीख."

मी दादाचं आधार कार्ड काढून तारीख वाचली. ती काहीतरी टाईप करत होती. मग थांबली.

"सर, तुमच्या खात्यावर एक नोट आहे. मशीन बसवली तेव्हा तुम्हीच फोनवर सांगितलेली. वाचू?"

"वाचा."

ती वाचायला लागली. "'मी नसलो तर ऑपरेटर म्हणून माझ्या लहान भावाचं नाव लावा, गजानन. शिकलेला नाही, पण मशीन माझ्यापेक्षा चांगली सांभाळतो. तो फोन करील तेव्हा भांडेल. मनावर घेऊ नका. त्याचं काम करून द्या.'"

मी दादाचं आधार कार्ड खिशात घातलं.

"सर, मूळ ऑपरेटरनं असं नाव दिलेलं असलं की दहावीची अट लागत नाही. साहेबांनी नोट उघडून बघितलेली दिसत नाही. फक्त त्या भावानं स्वतः फोन करायला पाहिजे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही दत्ता सर नाही ना?"

"न्हाई."

"गजानन?"

"व्हय."

"पण तुम्ही तर भांडत नाही आहात."

"भांडू काय?"

"कॉल रेकॉर्ड होतोय सर. नोटमध्ये तसं आहे, तर थोडं भांडा."

मी उभा राहिलो. चार महिन्यांत मी डॉक्टरशी भांडलो, साहेबाशी भांडलो, वरातीशी भांडलो, देवाशी तर रोजच. भांडण माझ्या तोंडात तयार असतं. मी मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं.

आवाजच फुटेना.

ती थांबली. समोर मशीनवर हिरवा दिवा चालू-बंद होत होता.

"ठीक आहे सर," ती म्हणाली. "भांडण झालं, असं लिहिते."